तळटीप : ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’

* लिनक्सवर सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बसवण्याच्या या तीन रूढ आज्ञा. ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट संगणकावर कंपायलर आणि लागणाऱ्या लायब्ररी आहेत का, ते तपासते व त्या यंत्राला जुळणारी ‘मेकफाइल’ तयार करते. तिच्यानुसार ‘मेक’ कोड कंपाइल करवून घेते. फाइली केव्हा बदलल्या हे ताडून ती फक्त बदललेले आणि त्यांवर अवलंबून असलेले भागच पुन्हा बांधते. मोठ्या प्रकल्पात यामुळे फार वेळ वाचतो. हे मोलाचे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिले, म्हणजे लिनक्सच्या (१९९१) पंधरा वर्षे आधी. तिसरी आज्ञा तयार फाइली बहुधा ‘/यूएसआर/लोकल’मध्ये ठेवते; तिथे लिहायला रूटचे अधिकार लागतात, पहिल्या दोन आज्ञांना लागत नाहीत. अशा फाइलींची नोंद पॅकेज मॅनेजरकडे होत नाही, त्यामुळे सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप येत नाहीत. वाचकांनी आधी सोबतची ‘इन्स्टॉल’ फाइल वाचावी आणि सोर्सचे फोल्डर जपून ठेवावे. ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय असल्यास ती तिथूनच चालते. — संपा.