महजर ते यंत्रलेखनिक : सभेच्या नोंदीची मर्यादा

पनवेल हे खाडीकाठचे गाव मुंबई आणि घाटमाथा यांच्यामधले जुने नाके होय. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर तर मुंबईहून गलबताने येथे उतरावे आणि पुढे खुष्कीने पुण्यास जावे, हा प्रवाशांचा शिरस्ताच होऊन बसला. आज याच तालुक्यात एका निराळ्या मालाची वखार उभी आहे. २०२० मध्ये येथे सुरू झालेले योट्टा कंपनीचे माहिती-केंद्र ७,२०० रॅक सामावतील एवढे विशाल असून, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली नवीन पनवेलची महाविद्यालये आणि भाताण येथील ॲमिटी विद्यापीठ यांच्यामुळे ही भूमी विद्येचेही ठाणे झाली आहे. अशा वखारीत माणसांचे बोलणेही साठू शकते. म्हणून सभेत उच्चारलेला शब्द कोणी टिपावा, तो कोणाच्या हवाली असावा आणि किती काळ राहावा, हा प्रश्न विद्यापीठीय बैठकांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा यंत्रलेखनिक येऊन बसल्यापासून अतिशय निकडीचा झाला आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्याच प्रदेशातील सभालेखनाची परंपरा आठवणे अगत्याचे वाटते.

मराठी मुलखात वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, आला की प्रथम उभय पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आणि जामीन घेतले जात, मग त्यांच्या तक्रीरी आणि साक्षी होत, आणि अखेरीस निवाड्याचा लेख, म्हणजे महजर, तयार होई. त्या महजरात हाजीर मजलशीची, म्हणजे उपस्थितांची, नावे हुद्द्यासह लिहिली जात. काझीचा शिक्का, पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची दौत-लेखणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या त्या कागदावर उमटत. ज्यास अक्षर ठाऊक नव्हते त्यासही आपल्या निशाणीचा अधिकार होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण कागदाचे सामर्थ्य लेखनिकाच्या हस्तकौशल्यातून नव्हे, तर ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्यासमक्ष तो लिहिला गेला त्यांच्या उघड संमतीतून उत्पन्न होत असे. शिवाय त्यात मजलशीतील प्रत्येक उद्गार नसे. वादाची कैफियत, पुरावा आणि निवाडा एवढेच असे. त्या समाजात विषमता पुष्कळ होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु लिहिणारा कोण, तो कोणत्या कारणासाठी लिहितो आणि कागद कोणाच्या दफ्तरी राहणार, हे सर्वांस ठाऊक असावे, हा दंडक त्या समाजात रुजलेला होता.

संमतीवाचून परहस्ती गेलेल्या शब्दाचे काय होते, याचा दाखलाही याच तालुक्यातला आहे. शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेले आणि पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके ब्रिटिश सरकारविरुद्धच्या बंडाबद्दल १८७९ मध्ये पकडले गेले, तेव्हा त्यांची रोजनिशी आणि त्यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले, आणि अभियोगात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून तेच उभे राहिले. जन्मठेप होऊन एडनला गेलेला हा पुरुष १८८३ मध्ये तेथेच निवर्तला. त्या लिखाणाने पुढे इतिहासाची सेवा केली हे खरे. तथापि ज्या हेतूने शब्द लिहिला जातो त्याच हेतूपुरता तो राहील याची हमी नसते, हे सत्य त्या प्रकरणातून जसे उमगते तसे क्वचितच उमगते.

१८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये १८५२ मध्ये पनवेलास नगरपालिका मिळाली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. अशा संस्थांबरोबर आपल्याकडे इतिवृत्ताची पद्धती रुळली. अधिसभा असो वा विद्यापरिषद, चिटणीसाने मसुदा करावा, पुढील बैठकीत तो वाचला जावा, चुकीची दुरुस्ती व्हावी आणि सभेने कायम केल्यावरच तो प्रमाण मानला जावा, हा तिचा क्रम होय. महजराच्या निशाण्यांची जागा येथे सभेच्या पुष्टीने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

आता आलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सभासाहाय्यक हा क्रम सहजी ओलांडू शकतो. झूम, टीम्स अथवा गूगल मीटवरील बैठकीत तो सर्व संभाषण ध्वनिमुद्रित करतो, वक्ता ओळखून बोलणे शब्दशः लिहून काढतो, सारांश काढतो आणि पुष्कळदा सर्व निमंत्रितांस तो आपोआप धाडतो. त्याचे लाभ नाकारण्यासारखे नाहीत. ज्यास कमी ऐकू येते अशा अध्यापकास वा विद्यार्थ्यास तो मोठाच आधार आहे. परंतु एका सभासदाने आपल्या खात्याशी जोडलेला साहाय्यक इतरांस न विचारता आत शिरू शकतो. मराठी आणि इंग्रजी यांचे मिश्रण असलेले बोलणे तो चुकीचे टिपू शकतो. आणि ते बोलणे अखेरीस परक्या कंपनीच्या साठ्यात जाऊन पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या सेवाशर्तींवर लोकांनी आक्षेप घेतले, तेव्हा ग्राहकांचे ध्वनी, चित्र आणि संदेश यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरणार नाही असे त्या कंपनीस जाहीर करावे लागले. सावध लोकमत किती परिणामकारक ठरते याचे हे प्रत्यंतर होय.

विद्यापीठातील काही बैठकी तर स्वभावतःच गोपनीय असतात. प्रश्नपत्रिका ठरविणारे परीक्षक, अप्रकाशित संशोधनाची चर्चा, विद्यार्थ्याच्या आजाराचा वा आर्थिक विवंचनेचा विचार, यांना यंत्राच्या कानापासून दूर ठेवणेच योग्य. अंतर्गत तक्रार समितीच्या बाबतीत तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी अधिनियमाचे सोळावे कलम तक्रारीचा तपशील आणि चौकशीची कार्यवाही उघड करण्यास स्पष्ट मनाई करते. तेथे यंत्रलेखनिकास दारही उघडू नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणास मूलभूत अधिकार ठरविले. त्यानंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी, ती मागे घेता यावी आणि हेतू सरताच माहिती पुसली जावी, असा दंडक घातला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाचे आहेत. सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद त्या अधिनियमात आहे. आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती सामान्यतः आवश्यक असल्यामुळे सतरा वर्षांच्या वयात प्रथम वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींची जबाबदारी महाविद्यालयांवर विशेषत्वाने येते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की प्रत्येक विद्यापीठाने या साहाय्यकासाठी लेखी तजवीज करावी. त्याचा वापर आणि हेतू सभेच्या आरंभी जाहीर व्हावा. एकानेही आक्षेप घेतला तर यंत्र बंद करून मनुष्य चिटणीसाने लेखणी हाती घ्यावी, आणि आक्षेप घेणाऱ्यास कारण विचारू नये, कारण अध्यापकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची मूक अनुमती ही संमती नव्हे. संस्थेने पारखलेल्या साधनाखेरीज खासगी खात्याचे यंत्र आत येऊ देऊ नये. मसुदा माणसाने तपासून सभेपुढे ठेवावा. आणि इतिवृत्त कायम होताच मूळ ध्वनिमुद्रण ठरल्या मुदतीत नष्ट करावे, मात्र माहिती-अधिकारातील अर्ज वा चौकशी प्रलंबित असेल तर कायद्याने आवश्यक ते राखून ठेवावे. विद्यापीठ हे निर्भयपणे शंका विचारण्याचे, चुकण्याचे आणि मत बदलण्याचे स्थान आहे. जेथे प्रत्येक अर्धवट विचार कायमचा टिपला जातो तेथे माणसे विचार करणे सोडत नाहीत, परंतु तो बोलून दाखविणे सोडतात, आणि ज्ञानाची त्याहून मोठी हानी दुसरी नाही.