शिवेवरचा माग

जतच्या माळावर उमटलेले पाऊल दुपारच्या वाऱ्यापुढे फार वेळ टिकत नाही. म्हणून चोरी उघडकीस आली की माग काढणारा नाईक, म्हणजे गावचा रखवालदार, आधी टोपले मागवी, ठळक पावलावर ते पालथे घाली, आणि मगच काडीने त्याची लांबी घेऊन टाचेचा भार कोणीकडे पडला आहे ते न्याहाळू लागे.

हा नाईक म्हणजे एका परीने त्या काळचा गुप्तहेरच. आजच्या खाजगी गुप्तहेरांना सरकारी परवाना असावा यासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. रखवालदार पुरविणाऱ्या संस्थांना २००५ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झालाच होता. हेरांचे विधेयक मात्र कायद्यापर्यंत पोहोचले नाही. पण म्हणून आपल्याकडे या धंद्यावर पूर्वी निर्बंधच नव्हता असे कोणी समजू नये. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो वृत्तांत लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराची जबाबदारी सविस्तर आली आहे: चोराचा माग त्याने शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथल्या रखवालदाराच्या पदरात घातला म्हणजे तो सुटला, पुढचा शोध त्या दुसऱ्याचा, आणि ज्या गावात माग हरवला त्या गावाने चोरीची भरपाई करावी, तीही आधी रखवालदाराने ऐपतीप्रमाणे, उरलेली साऱ्या पांढरीने, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून. पुरती वसुली क्वचितच होई, हेही त्यानेच नमूद केले आहे. तेव्हा शिवेवर दोन गावचे नाईक वाकून एकाच ठशाकडे पाहत असता, एकाला तो स्पष्ट दिसावा आणि दुसऱ्याला मुळीच दिसू नये, यात नवल ते काय!

डफळे घराण्याचे जत संस्थान सातारकर छत्रपतींच्या जहागिरींपैकी एक. इंग्रजांशी त्याचा करार १८२० चा. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या या टापूत गावची रखवाली करणाऱ्या रामोशी व बेरड यांची वस्ती जुनी, आणि लगतच्या विजापूर-बेळगावकडे हेच काम इनाम जमिनीच्या मोबदल्यात शेतसनदी नावाचे रखवालदार करीत. म्हणजे हे जमिनीचे वतन हीच सनद, आणि चूक झाली तर भुर्दंड हाच दंड. परवान्याच्या मुदतबंद कागदापेक्षा ही व्यवस्था अधिक कडक होती असे मला वाटते.

इंग्रजी मुलखात १८६७ च्या कायद्याने गावपोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमतीखाली गेले. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माग काढणाऱ्या जमातींतील माणसांचीच नावे नोंदवहीत चढली. १९११ च्या कायद्यात तर बोटांचे ठसे घेण्याचीही तरतूद होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि बेरड व रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

जत संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि जत तालुका दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात आला. नाईकांच्या वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. वतनदारांना त्याच जमिनी सरकारात रक्कम भरून पुन्हा आपल्या नावावर करून घ्याव्या लागल्या.