जामघाट : बैल, इंजिन आणि बॅटरी

इंदूरच्या सुदामा नगरात माझी आतेबहीण राहते. शहराच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा मंदिर आणि फुटी कोठी यांच्या आसपासची ही मोठी वसाहत. इथे मराठी घरे बरीच. सकाळी फिरायला निघालात तर एका फाटकातून हिंदी बातम्या ऐकू येतात आणि दुसऱ्यातून रामरक्षा. होळकरांच्या मागोमाग आलेली ही माणसे आता सात-आठ पिढ्यांनंतर इंदुरीच झाली आहेत. "काय करून राहिलात दादा?" असे बहिणीने विचारले की आपण परमुलखात आहोत हे कळते, आणि भाषा आपलीच आहे हेही कळते.

यावेळी रजा-प्रवास सवलतीत तिच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाडजूड वायर बाहेर ओसरीवर आली होती. तिच्या टोकाला भावजींची विजेची मोटारसायकल. तीन वर्षांपूर्वी घेतली. बॅटरी सव्वातीन युनिटांची, रिकामी झाल्यावर पुन्हा भरायला साडेचार-पाच तास. शहरात कुणीही चालवील अशी. पण भावजींना डोंगर चढायची हौस! मांडू, जानापाव, चोरल, जिथे जिथे विंध्याचा कडा आहे तिथे तिथे ते ही गाडी घेऊन गेले आहेत.

आणि मंडळी, त्यांच्याकडे एक वही आहे. प्रत्येक प्रवासाची नोंद. निघताना किती टक्के, कुठल्या गावात किती उरले, वारा कुठून होता, मागे कोणी बसले होते काय. आमच्या कचेरीतल्या सरकारी जीपचे लॉगबुकसुद्धा इतके चोख नसते. मी पाने चाळू लागलो. एका पानावर लिहिले होते : "जामघाट, चढ, दोघे, १५ टक्के. उतार, परत ३ टक्के."

"हे काय?" मी विचारले.

"हे? हा विंध्याचा कर," भावजी म्हणाले. "उद्या चला, भरून येऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे महेश्वरला निघालो. महू, मग जामघाट, मग मंडलेश्वर आणि महेश्वर, अशी नव्वदेक किलोमीटरची वाट. डिसेंबरची थंडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि गाडीचा आवाज जवळजवळ नाहीच. महूच्या पुढे सपाट माळवा हळूहळू संपतो. झाडी सुरू होते. आणि एका वळणावर समोर एकदम दगडी दरवाजा उभा राहतो. त्याच्या कमानीतून पलीकडे पाहिले तर जमीनच नाही! खाली, फार खाली, धुक्यात निमाडचा प्रदेश पसरलेला.

हाच जामचा दरवाजा. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ साली बांधला. त्यावर संस्कृत शिलालेख आहे. वर पहाऱ्याला आणि मुक्कामाला जागा आहे. आपण किल्ल्याचे दरवाजे पाहिलेले असतात, पण इथे किल्ला नाही, गाव नाही. दरवाजा आहे तो घाटाला. माळवा इथे संपतो आणि नर्मदेचे खोरे इथे सुरू होते, एवढे सांगणारा.

हा दरवाजा इथेच का, हे समजायला नकाशा डोळ्यांपुढे हवा. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला, समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर. इंदूर आणि माळव्याचा सुपीक मुलूख साडेपाचशे मीटरवर. मध्ये विंध्याचा कडा. म्हणजे राजधानी तळघरात आणि धान्याचे कोठार माडीवर! कागद, माणसे, धान्य, कापड, फौज, सगळे या जिन्याने वर-खाली व्हायचे. जिना म्हणजे जामघाट.

घाट चढणारा बैल सपाटीवरच्या हिशेबाने चालत नाही. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे दिवसाला आठ-दहा मैलांपलीकडे जात नसत. त्यातही घाट आला की पायथ्याशी मुक्काम, जनावराला दाणापाणी, रात्रभर विसावा आणि पहाटे चढ. घाटमाथ्यावर पुन्हा पाणी. त्या काळी प्रवासाचे अंतर कोसात सांगत, पण खरा हिशेब मुक्कामांचा असे. पुढची विहीर कुठे? पुढची धर्मशाळा कुठे? वाटेत कोण लुटील? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच रस्ता. नाहीतर तो नुसता डोंगर.

अहिल्याबाईंचे मोठेपण सांगताना आपण काशी, सोमनाथ, गया इथल्या देवळांपाशी थांबतो. ते योग्यच आहे. पण विहिरी, घाट, धर्मशाळा हे तेवढेच मोठे काम. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. विंध्य-सातपुड्यातले भिल्ल प्रवाशांना लुटत. बाईंनी बंदोबस्त केलाच, पण त्यांचा एक जुना हक्कही मान्य केला. त्यांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर त्यांनी अगदी थोडासा कर घ्यायचा. त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात त्यांनी पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर ती भरून द्यायची. ज्याच्या डोंगरातून जायचे त्यालाच रस्त्याचा राखणदार केले! जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात हे नोंदवले आहे. हा माल्कम होळकरांचा शत्रू. २१ डिसेंबर १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला होता. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली, महूला इंग्रजांची छावणी बसली. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली स्तुती म्हणून तिची किंमत जास्त.

दरवाज्याच्या सावलीत आम्ही थर्मासमधला चहा घेतला. बॅटरीत निम्म्याच्या आसपास वीज होती. आता उतार. भावजींनी गाडी सोडून दिली आणि मी मागे बसून आकडा पाहू लागलो. उतारावर मोटर उलटी चालून थोडी वीज परत भरते. थोडीच. चढाला जेवढी जाते त्याच्या निम्मीसुद्धा नाही. विंध्य घेताना हात पुढे करतो, देताना मूठ आवळतो!

बैलांनंतर या कड्यावर आले ते इंजिन, पण जामघाटातून नव्हे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. १८७० च्या दशकात खंडव्याहून इंदूरपर्यंत मीटर गेज लोहमार्ग झाला. तो पूर्वेकडच्या चोरल नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. कालाकुंड ते पातालपाणी हा त्याचा घाट, आणि तिथला चढ ४० ला १. म्हणजे चाळीस फूट पुढे गेले की एक फूट वर. गाडीला जादा इंजिन लावल्याशिवाय ती चढत नसे.

आपल्याकडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. कुळें ते कॅसलरॉकच्या ब्रागांझा घाटात चढ ३७ ला १ आहे. तिथेही मागे इंजिने जोडतात, आणि दूधसागरापाशी त्यांची धाप ऐकू येते. ती लाईनही त्याच पिढीतली. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह आणि पुढच्या दशकात मुरगावची रेल्वे. त्याआधी आपल्या घाटांतूनही बैलच जात होते. खालचे मीठ वर, वरचे धान्य खाली. विंध्य असो की सह्याद्री, डोंगराचे गणित सगळीकडे एकच. कालाकुंडच्या आणि कुळेंच्या स्टेशनमास्तरांना ते पाठ होते. चढ म्हणजे वेगळा खर्च. तो आधी मोजायचा, मग निघायचे.

हे गणित आपण विसरलो ते पेट्रोलमुळे. आणि गंमत अशी की, विसरायला लावणाऱ्या गाड्यांपैकी एक याच परिसरात तयार झाली. महूपासून जवळच पिथमपूर आहे. तिथे १९८४ पासून किनेटिक होंडा स्कूटर बनू लागली. पुण्याच्या फिरोदियांनी १९७२ मध्ये लूना आणली होती. त्यांचीच ही पुढची पायरी. बटण दाबले की सुरू, गिअर नाहीत. आमच्या वयाच्या कितीजणांनी तिच्यावर दोन पोरे, एक गॅसचा सिलिंडर आणि गणपती एकाच फेरीत आणला असेल! घाटात ती कुरकुरे, पण चढे. पेट्रोल संपत आले तर पुढे पंप असेच. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते. बरीचशी उष्णतेत वाया जाते, तरी टाकीत इतकी उरते की चढ मोजायची गरजच पडत नाही. श्रीमंताला भाजीचा हिशेब लागत नाही, तसेच.

आता त्याच पिथमपूरजवळ २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरची वाहन-चाचणी धावपट्टी सुरू झाली आहे, आणि किनेटिकची ती जुनी डीएक्स २०२५ मध्ये बॅटरीवर परत आली. बजाजचे चेतक २०२० मध्येच विजेवर आले होते. मोटारसायकलींचे म्हणाल तर मराठी माणूस इथे उशिरा आलेला नाही. १२ जून २००९ रोजी आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. साठेक किलोमीटरची फेरी, वाटेत चारशे मीटरपर्यंतचा डोंगर. त्यात पुण्याच्या कपिल शेळके यांच्या तुकडीची गाडी आपल्या गटात तिसरी आली. एका दमात डोंगर चढून फेरी पुरी करणे हीच तिथे खरी परीक्षा होती. पुढे त्यांच्याच टॉर्क कंपनीने २०२२ च्या जानेवारीत रस्त्यावरची गाडी बाजारात आणली.

असो. आम्ही महेश्वरला पोचलो तेव्हा बॅटरीत वीस टक्के उरले होते. एका छोट्या खानावळीच्या मालकाने मिक्सरचा प्लग काढून आमचा लावू दिला. मग पाच तास आम्ही मोकळे. घाटावर बसलो, किल्ल्यात बाईंची बसायची साधी गादी पाहिली, मागावरच्या साड्या पाहिल्या. पेट्रोलची गाडी असती तर तासाभरात फोटो काढून परत फिरलो असतो. तीनच्या सुमारास खानावळीत आलो तर मालक म्हणाला, "लाइट गई थी बाबूजी, एक घंटा." आकडा ८५ वर अडकलेला.

भावजींनी वही काढली. इथून दरवाज्यापर्यंत सपाटीचे पस्तीस टक्के, घाटाचे पंधरा. माथ्यावर उरणार पस्तीस. घर बावन्न किलोमीटर. म्हणजे पोचत नाही!

माझ्यातला कारकून जागा झाला. घाटाचे पंधराच कशावरून? रात्री घरी भाच्याने मला ते उलगडून दाखवले. तो इंजिनिअरिंगला आहे. गाडी आणि आम्ही दोघे मिळून २७० किलो. ते पाचशे मीटर उचलायला शुद्ध हिशेबाने एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त वीज लागते. मोटरमधली घट धरून अर्धा युनिट. सव्वातीनपैकी अर्धा म्हणजे पंधरा टक्के. भावजींची वही बरोबर! तेवढ्या विजेत सपाटीवर पंधरा-सोळा किलोमीटर गेलो असतो.

तर आम्ही चढलो. सावकाश, ट्रकच्या मागून, बैलाच्या धीराने. दरवाज्यापाशी सूर्य मावळत होता. पाहिले तर बरोबर पस्तीस. महूला पोचेपर्यंत आठ. थंडीने बोटे गोठलेली. एका दुकानाने "कमर्शियल मीटर है" म्हणून हात झटकले. दुसऱ्याने नुसतीच मान हलवली. तिसरा म्हातारा चहावाला. त्याने काही न विचारता फ्रिजमागचा प्लग दाखवला आणि बसायला स्टूल दिले. दीड तास बसलो. पैसे देऊ लागलो तर चहाचेच घेतले. विजेचे नाही.

त्या स्टुलावर बसून मला वाटले, जामचा दरवाजा मला आज कळला. तो आपण स्थापत्य म्हणून पाहतो, फोटो काढतो. पण बांधणाऱ्या बाईंना दिसला असेल तो थकलेला बैल आणि भ्यालेला वाटसरू. रस्ता म्हणजे नुसती खडी-डांबर नव्हे. रस्ता म्हणजे थांबता येण्याची हमी. पेट्रोलने शंभर वर्षे ती हमी टाकीत भरून दिली, म्हणून धर्मशाळा ओस पडल्या आणि आपण त्यांना जुन्या काळची भाबडी पुण्याई समजू लागलो. बॅटरीने तोच जुना प्रश्न परत आणला आहे : पुढचा मुक्काम कुठे?

परत आल्यावर हाच प्रश्न मला केरीहून चोर्ल्याला चढताना पडतो, मोले-अनमोडच्या वाटेवर पडतो. मोठ्या शहरांत चार्जिंगची केंद्रे होतील, हमरस्त्यावर होतील. पण डोंगरातल्या वाटांचे काय? आपल्याकडे देवळांच्या अग्रशाळा आहेत. परगावच्या माणसाला रात्रीपुरती जागा द्यावी म्हणूनच त्या बांधल्या गेल्या. तिथल्या भिंतीवर पंधरा अँपिअरचा एक प्लग आणि शेजारी पैशांची पेटी ठेवली तर? पूर्ण बॅटरी भरायला चारेक युनिट. एका भाजी-पावाच्या किमतीएवढीही वीज नाही. वाटेवरच्या पंचायतींनी भिलकवडीसारखे दहा-वीस रुपये घ्यावेत. त्यात गावाचाही वाटा राहील.

निघायच्या दिवशी भावजींनी वहीत नवे पान लिहिलेले दाखवले. महेश्वर-इंदूर, ८५ टक्क्यांवर निघालो, महूला ८. आणि खाली, जिथे ते चार्जिंगची जागा लिहितात, तिथे : "चहावाला, महू. विश्वासाचा."