नेत्याच्या घरातला वाद पोलीस ठाण्यात गेला की नेमकं काय व्हायला हवं?

एखाद्या स्थानिक नेत्याच्या घरातलं भांडण बाहेर आलं की सोशल मीडियावर दोन गट लगेच पडतात. एक गट म्हणतो, ‘पोलिसांनी दाबून टाकलं.’ दुसरा म्हणतो, ‘विरोधकांनी पोलिसांना हाताशी धरून अडकवलं.’ खरं कोण बोलतंय हे कळायला महिने जातात, कधी वर्षं. पण पोलिसांनी नियमाप्रमाणे काम केलं की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच तपासता येतं. त्यासाठी नियम काय आहेत, ते माहीत हवेत.

मुळशीच्या प्रकरणात वाद कशावरून झाला?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वात जोरात विचारला गेला तो मे २०२५ मध्ये. मुळशी तालुक्यातले राष्ट्रवादी काँग्रेसचे (अजित पवार गट) तत्कालीन पदाधिकारी राजेंद्र हगवणे यांच्या धाकट्या सुनेचा १६ मे रोजी भुकूम इथल्या घरी मृत्यू झाला. लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. हुंड्यासाठी छळ झाल्याची तक्रार माहेरच्यांनी केली. पती, सासू आणि नणंद यांना लवकर अटक झाली. सासरे राजेंद्र हगवणे आणि मोठा दीर मात्र आठवडाभर सापडले नाहीत. २३ मे रोजी त्यांना पुण्यात अटक झाली. तोपर्यंत पक्षाने हगवणेंची हकालपट्टी केली होती. आरोप सिद्ध झाले की नाही, हे न्यायालय ठरवेल.

पण लोकांचा राग फक्त त्या आठवड्यावर नव्हता. घरातल्या मोठ्या सुनेनेही आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, छळाची तक्रार केल्याचं समोर आलं. ती राज्य महिला आयोगापर्यंत गेली होती आणि आयोगाने ती पौड पोलिसांकडे पाठवल्याचं सांगितलं. मग सहा महिन्यांत त्या तक्रारीचं काय झालं? हा या सगळ्या वादाचा गाभा होता. कुटुंबाच्या नात्यातल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचं नावही चर्चेत आलं. त्यांनी आरोप फेटाळले.

यात एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली. पौड पोलीस ठाणं पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं. मृत्यूचा गुन्हा नोंदवणारं बावधन पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. घर एकच, पण तक्रारी दोन वेगळ्या यंत्रणांकडे. अशा वेळी आधीच्या तक्रारीचा धागा पुढे जोडला जायला हवा. तो सुटला की प्रत्येक तक्रार पहिलीच असल्यासारखी दिसते.

‘हा घरगुती मामला आहे’ असं पोलीस म्हणू शकतात का?

नाही. पती किंवा सासरच्यांकडून होणारी क्रूरता हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे. जुनं कलम ४९८अ ते हेच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. पीडित महिलेने किंवा तिच्या नातेवाइकाने माहिती दिली, तर हा गुन्हा दखलपात्र ठरतो. म्हणजे नुसती एनसी लिहून घेऊन घरी पाठवणं पुरेसं नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं. त्याच निकालात वैवाहिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करायला मुभा ठेवली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत अशी चौकशी करता येते. पण त्यासाठी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. म्हणून ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर महिनोन्‌महिने चालत नाही.

हद्दीचं कारणही चालत नाही. घटना कुठेही घडली असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावी लागते आणि तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवावं लागतं.

समुपदेशन म्हणजे तडजोड नव्हे

महाराष्ट्रात अशी तक्रार अनेकदा आधी भरोसा सेलकडे जाते. तिथे दोन्ही बाजूंना बोलावून समुपदेशन होतं. काही संसार त्यामुळे सावरतातही. अडचण येते ती एक बाजू ताकदवान असली की. समोर नेता, त्याच्यासोबत दहा कार्यकर्ते आणि इकडे एकटी बाई, अशा बैठकीत झालेली ‘समजूत’ किती खरी?

म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा. त्याच्या कलम ५ नुसार पोलिसांनी महिलेला तिचे हक्क सांगायलाच हवेत: संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते, मोफत कायदेशीर मदत मिळते आणि कलम ८५ खाली वेगळी तक्रारही करता येते. या कायद्यात महिला थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं इथे मागता येतं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

लगेच अटक नाही, म्हणजे नेत्याला वाचवलं?

दरवेळी तसं नसतं. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये. आधी नोटीस द्यावी. अटक केली तर ती का गरजेची होती, हे लिहून ठेवावं. त्यामुळे फक्त कलम ८५ लागलं असेल आणि नेता नोटिशीला उत्तर देत असेल, तर अटक न होणं नियमाला धरून असू शकतं.

हुंडाबळीत चित्र वेगळं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या काही काळ आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर कलम ८० लागतं. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. इथे आरोपी आठवडाभर मिळत नसेल, तर पथकं किती, शोध कुठे, मदत कोणाची, हे प्रश्न रास्त ठरतात.

नाण्याची दुसरी बाजू: दिल्ली, २०१५

पोलीस हात आखडता घेतात हा एक आरोप. ते गरजेपेक्षा जास्त उत्साह दाखवतात, हा दुसरा. आम आदमी पक्षाचे मालवीय नगरचे तत्कालीन आमदार सोमनाथ भारती यांच्यावर पत्नीने कौटुंबिक हिंसाचाराचे आरोप केले. जूनमध्ये ती दिल्ली महिला आयोगाकडे गेली, सप्टेंबरमध्ये गुन्हा दाखल झाला. दिल्ली पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाताखाली येतात. त्यामुळे हे सूडाचं राजकारण असल्याचं पक्षातून बोललं गेलं.

पण भारती पोलिसांसमोर येत नव्हते. शेवटी मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनीच त्यांना शरण जायला जाहीरपणे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही आधी शरण या, असं बजावलं. २८ सप्टेंबरच्या रात्री ते पोलीस ठाण्यात गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना जामीन मिळाला. पुढे पती-पत्नीत समेट झाला. त्या काळात टीव्हीवर सर्वात जास्त चर्चा कशाची झाली? त्यांच्या पाळीव कुत्र्याची. तक्रारीतला मूळ मुद्दा मागे पडला.

यातून एक गोष्ट दिसते. पोलिसांवर राजकीय दबाव असणं आणि तक्रार खरी असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. एक सांगून दुसरी खोडता येत नाही.

पोलिसांनी दाद दिली नाही तर?

पहिली पायरी, तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात पाठवणं. दुसरी पायरी, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ते पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. पोलिसांच्या वागण्याबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं. प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांतून ही यंत्रणा आली. तातडीची मदत हवी असेल तर ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१.

एक पळवाट मात्र आजही आहे. बलात्कार, ॲसिड हल्ला, विनयभंग अशा गुन्ह्यांची तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा होऊ शकते. सासरच्या छळाचं कलम ८५ त्या यादीत नाही.

पोस्ट शेअर करण्याआधी

पुढच्या वेळी असं प्रकरण टाइमलाइनवर आलं, तर चार गोष्टी बघायच्या. तक्रार कोणत्या तारखेला दिली आणि एफआयआर कधी झाला? कोणती कलमं लावली? आधीची तक्रार होती का, आणि तिचं काय झालं? नोटीस दिली की अटक केली, आणि का?

नेत्याचा पक्ष कोणता, हा प्रश्न या चारांत नाही. मुळशीच्या प्रकरणात सर्वात जास्त बोचणारा प्रश्न तिसराच होता. तो मृत्यूनंतर विचारला गेला. आधी विचारला असता, तर त्याचा काही उपयोग झाला असता.