गार वारा, करपलेला हात

एप्रिलअखेरच्या एका सकाळी आम्ही दोघे सहकारी राहुरीहून सायकलने कोल्हारला निघालो. ऊन कडक होते. पण वेगामुळे अंगावर वारा येत होता, घाम वाळत होता, आणि त्रास असा जाणवत नव्हता. प्रवरेचा पूल ओलांडून कोल्हारात शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. संध्याकाळी मात्र दोघांच्याही हातांची पाठ काळवंडून हुळहुळू लागली. चेहऱ्याला निघताना मलम लावले होते. ते घामाबरोबर डोळ्यांत उतरले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात दुकानदाराने तीन नळ्या पुढे ठेवल्या. त्यांवर आकडे होते १५, ३० आणि ५०. आमच्याबरोबर आलेल्या शिक्षकांनी विचारले, “सर, यातली कोणती घ्यायची? आमची मुले रोज सायकलने येतात, त्यांना काय सांगू?” प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

ऊन म्हणजे उष्णता, आणि ऊन लागणे म्हणजे उष्णतेने भाजणे, ही समजूत फार जुनी आहे. तिला पहिला धक्का १८०१ साली बसला. जर्मनीत योहान रिटर याने सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद वर्णपटात धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे कागद सर्वांत लवकर काळा पडला. हेच ते अतिनील किरण. त्यांचा कातडीशी काही संबंध असेल, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे लंडनचे शल्यवैद्य एव्हरार्ड होम यांनी एक विलक्षण साधा प्रयोग केला आणि १८२१ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी आपला एक हात उन्हात उघडा ठेवला आणि दुसरा काळ्या कापडाखाली. काळे कापड उष्णता शोषते, म्हणून तापमापकाचा पारा कापडाखाली जास्त चढला. पण भाजला तो उघडा हात! जो हात अधिक तापला तो शाबूत राहिला. म्हणजे भाजणारी गोष्ट नुसती उष्णता नव्हती. कातडीतले काळे द्रव्य, म्हणजे आज आपण ज्याला मेलॅनिन म्हणतो ते, याच कापडासारखे काम करते, असा निष्कर्ष होम यांनी काढला.

मग भाजते काय? याचे उत्तर १८८९ साली स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी दिले. विजेच्या कार्बन दिव्याचा प्रकाश त्यांनी पाणी, काच आणि स्फटिक अशा निरनिराळ्या पदार्थांतून गाळला. पाणी उष्णतेचे किरण अडवते. साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. कातडी लाल झाली ती अतिनील किरण पोचले तेव्हाच. दोनच वर्षांनी जर्मनीत हामर यांनी हे किरण अडवण्यासाठी कातडीवर क्विनाइनचा लेप सुचवला. हिवतापावरचे आपले ओळखीचे क्विनाइन हे असे जगातल्या पहिल्या सूर्यरक्षक मलमांपैकी एक ठरले.

पुढची कथा बर्फातली आहे. १९३८ साली ऑस्ट्रियाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ ग्रायटर आल्प्समधल्या पिझ बुइन शिखरावर चढला आणि त्या थंडीतही उन्हाने भाजून निघाला. युद्धानंतर, १९४६ साली, त्याने स्वतःचे मलम बाजारात आणले. होमचा गरम हात भाजला नाही. ग्रायटरचा थंड चेहरा भाजला. सायकलस्वार ग्रायटरच्याच जातकुळीचा असतो. वारा कातडी थंड ठेवतो, पण अतिनील किरणांना वाऱ्याची अडचण नसते. चटका बसत नाही म्हणून आपण सावलीही शोधत नाही.

नळीवरच्या आकड्याची कल्पना १९५६ साली जर्मनीत रुडोल्फ शुल्झे यांनी मांडली. ग्रायटरने ती रुजवली आणि १९७८ साली अमेरिकी औषध प्रशासनाने ती स्वीकारली. हा आकडा म्हणजे एक गुणोत्तर आहे. उघडी कातडी जेवढ्या किरणांनी लाल होते, त्याच्या तीसपट किरण मलम लावल्यावर लागले, तर आकडा ३०. म्हणजे तांबूस करणाऱ्या किरणांचा तिसावा भाग, सुमारे ३.३ टक्के, आत जातो. १५ आकड्याला ६.७ टक्के, ५० आकड्याला २ टक्के. ३० आणि ५० यांतला फरक म्हणजे एवढाच.

पण यात तीन अटी दडलेल्या आहेत. पहिली, चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. गणित करून पाहा. मोठ्या विद्यार्थ्याच्या अंगाचे क्षेत्रफळ सुमारे १.५ चौरस मीटर. चेहरा, मान, कोपरापासून खालचे हात मिळून त्याचा १५ टक्के भाग धरला, तर २२५० चौरस सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम मलम लागेल. ५० ग्रॅमची नळी अकरा वेळात संपेल! आपण लावतो त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, आणि संरक्षणही त्या प्रमाणात घटते. दुसरी अट, ही चाचणी गोऱ्या कातडीवर होते. सावळ्या कातडीत निसर्गाचे काही संरक्षण असतेच, पण काळवंडणे, वांग आणि डोळ्यांचे नुकसान टळत नाही. तिसरी अट, हा आकडा मुख्यतः कातडी लाल करणाऱ्या आखूड लहरींविषयी बोलतो. खोलवर जाणाऱ्या लांब लहरींविषयी तो फारसे सांगत नाही.

ही तिसरी गोष्ट वर्गात दाखवता येते. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली पांढरा कागद निळसर चमकतो. त्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ठेवा आणि त्याच्या एका भागावर मलम दाट, दुसऱ्या भागावर पातळ लावा. लांब लहरी अडवणारे मलम असेल तर तो भाग काळपट दिसेल. दाट आणि पातळ यांतला फरकही कळेल. दिव्याकडे थेट पाहू नये, एवढी काळजी घ्या.

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे. नळी घ्यायचीच असेल तर ३० आकडा पुरे. तिच्यावर लांब लहरींपासून, म्हणजे ‘यू.व्ही.ए.’पासून, संरक्षणाचा उल्लेख असावा आणि ती पाण्यात टिकणारी असावी. “घामाने न जाणारे” ही भाषा अमेरिकेने २०११ च्या नियमांत बाद केली. तिथे आता ४० किंवा ८० मिनिटे असा स्पष्ट काळ लिहावा लागतो. दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे. कपाळाला कमी लावून टोपीचे छज्जे पुढे ओढावे, म्हणजे डोळे झोंबणार नाहीत.

पण रोज नळी विकत घेणे किती घरांना परवडेल? होमचे काळे कापड इथे पुन्हा आठवावे. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती सदरा आणि मानेवरून घेतलेले उपरणे किंवा ओढणी घातली की मलम लागते फक्त चेहऱ्याला आणि हातांच्या पाठीला. खर्च निम्म्यावर येतो. विरळ कापड घामाने भिजले की किरण अधिक जातात, हे लक्षात असू द्यावे.

सर्वांत स्वस्त साधन सावली. ती आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा अतिनील किरण तीव्र असतात. कोल्हार सुमारे साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. १८ मे आणि २५ जुलैच्या सुमारास तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो. मे महिन्यात आखूड सावली सकाळी सव्वानऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत असते, आणि ती सर्वांत आखूड होते साडेबाराच्या आसपास. एप्रिलमध्येही फारसा फरक नाही. उन्हापासून वाचवायला आपण शाळा सकाळची करतो आणि मुलांना सायकलवर घरी सोडतो ते नेमके बाराच्या सुमाराला. वर्ग थंड राहतो. रस्त्यावरचा तास मात्र सर्वांत वाईट निवडला जातो.

मलम निवडण्याआधी ती वेळ निवडता येईल का, हे शिक्षकांनी मुलांच्या सावल्या मोजून ठरवावे.