कार्ब्युरेटर धुऊनही गाडी परत बंद पडते? आधी टाकी आणि पाइप तपासा

डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800 बरीच वर्षं कार्ब्युरेटरवरच धावली. 2000 च्या सुमारास तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. 796 सीसीची ती जुनी गाडी खेड्यापाड्यांत आजही बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला बाहेर निघते. तिची ठरलेली तक्रार एकच, ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय’. मिस्त्री तो खोलतो, धुतो, हवा मारतो. आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालते आणि परत तेच. असं दोनदा झालं, की कार्ब्युरेटर धुण्यावर पैसे घालणं थांबवावं. कचरा तिथं तयार होत नाही, तो मागून येतो.

बहुतेक वेळा मूळ टाकीत सापडतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की आतल्या हवेतली ओल पत्र्यावर धरते आणि टाकी आतून गंजते. ओळखायला सोपं आहे. इंजिन गार असताना फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि दहा मिनिटं हलवू नये. तळाला तांबूस गाळ बसला तर गंज, वेगळा थर दिसला तर पाणी. काळे मऊ कण आले तर रबरी पाइप आतून सुटत चाललाय. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पाइप बदलायचाच तर इथेनॉलला टिकणारा मागून घ्यावा. पाण्याचा साधा पाइप कापून लावण्याची सवय महागात पडते.

गंजलेल्या टाकीला नवा फिल्टर हा इलाज नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते. तिला भोक असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे मात्र नेऊ नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, ठिणगी पडली तर स्फोट होतो.

कधी कार्ब्युरेटरवर नुसता आळ येतो. गाडी दहा-वीस किलोमीटर चालून बंद पडते, थोडं थांबलं की सुरू होते, असं असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडून बघावं. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर टाकीची हवा जायची वाट बुजली आहे. झाकण उघडूनही फरक नाही, तर प्लगला ठिणगी येते का ते मिस्त्रीकडून तपासून घ्यावं. तापल्यावर कॉइल दगा देते, तेव्हाही गाडी अशीच वागते. मिसिंग असेल तर प्लग, वायरी आणि पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट आधी बघावेत.

हे सगळं ठीक निघालं, तरच कार्ब्युरेटरकडे वळावं. पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल, प्लग काळे पडत असतील, तर नीडल व्हॉल्व्ह नाहीतर फ्लोट. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरून मग उचलत असेल, तर पिकअप पंपाचा पडदा. रेस दिल्यावर चालते पण स्लोला टिकत नाही, तेव्हा किल्ली फिरवून कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज ऐकावा. तो येत नसेल तर आधी त्याची वायर बघावी. आवाज येत असेल तर खालच्या पॅकिंगच्या कडेला साबणाचं पाणी टाकावं. इंजिनाचा सूर बदलला, तर तिथून हवा आत जातेय. नट जास्त आवळून ती बंद होत नाही, उलट फ्लँज वाकते.

इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं. नव्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. त्यामुळे स्लोचं सेटिंग जरा बदलावं लागतं, पण ते इंजिन तापल्यावर आणि वरची सगळी तपासणी झाल्यावरच करावं.

जेटमध्ये तार घालू देऊ नये. भोक केसभर मोठं झालं तरी ॲव्हरेज पडतं, धूर वाढतो आणि गाडी पीयूसीला अडकते. आणि डुप्लिकेट किट बसवलं तरी जुने जेट टाकून न देता मिस्त्रीकडून परत मागून घ्यावेत. नव्या जेटचं माप चुकीचं निघालं, तर तेच कामाला येतात.