आयकॉनचा छापा: १९८४चा मॅक ते तुमचा फोन

आजची गोष्ट दिवसभर तुमच्या बोटाखाली असते. आयकॉन! कुणाचा गोल, कुणाचा गुळगुळीत कोपऱ्यांचा. पण कॉम्प्युटर प्रत्येक चित्र साठवतो ते चौकोनातच. मग कडेची रिकामी जागा लपवायची कशी?

चला, १९८४ मध्ये. २४ जानेवारीला ॲपलचा मॅकिंटॉश आला. स्क्रीन ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, रंग दोनच: काळा आणि पांढरा. डेस्कटॉप राखाडी दिसायचा, पण तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा खेळ. अख्खी मेमरी १२८ केबी, आणि तिचा सहावा हिस्सा एकटा स्क्रीनच खायचा.

या मॅकचे आयकॉन काढले सुझन केअर यांनी, सुरुवातीला चक्क ग्राफ पेपरवर चौकटी भरून. ३२ बाय ३२ चौकटी, चौकटीला एक बिट. म्हणजे एक आयकॉन १२८ बाइटचा.

आता कचऱ्याचा डबा घ्या. डब्याचं पोट पांढरं हवं, पण डब्याबाहेर मागचा राखाडी डेस्कटॉप दिसायला हवा. चित्रात मात्र दोन्हीकडे शून्यच! कुठलं शून्य म्हणजे पांढरा, आणि कुठलं म्हणजे 'इथे काहीच नाही'?

उत्तर होतं आणखी एक चित्र: मास्क. आपला रांगोळीचा छापा आठवा. भोक असेल तिथेच रांगोळी पडते ना? तसंच. मास्क म्हणजे डब्याचा आकार, आतून पूर्ण भरलेला. आधी तेवढी जागा पुसून पांढरी करायची, मग तिच्यावर डबा काढायचा. क्लिक केलं की मास्कच्या आतच काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मास्क नसता तर आख्खा चौकोन उलटा झाला असता, आणि डब्याभोवती काळा डाग दिसला असता. यासाठी आयकॉनमागे आणखी १२८ बाइट गेले. मेमरीची एवढी चणचण, तरी हा दुप्पट खर्च त्यांनी केला.

विंडोजनेही दोन थर वापरले. अँड मास्क भोक पाडतो, एक्सॉर मास्क चित्र भरतो. दोन बिट, चार शक्यता: काळा, पांढरा, पारदर्शक, आणि चौथी म्हणजे मागे जे असेल त्याच्या उलट! म्हणून तर मजकुरावरचा तो बारीक उभा कर्सर पांढऱ्यावरही दिसायचा आणि काळ्यावरही.

२००१ मध्ये मॅक ओएस एक्स आणि विंडोज एक्सपी आले. मास्क आता 'आहे किंवा नाही' एवढाच राहिला नाही, पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळाल्या. मऊ कडा, हलक्या सावल्या. मॅकचा १२८ बाय १२८चा एक आयकॉन, कॉम्प्रेस न करता, ६४ केबी. पहिल्या मॅकची अर्धी मेमरी!

आणि तुमचा फोन? २०१७च्या अँड्रॉइड ८ पासून ॲपवाले पुढचा आणि मागचा असे दोन थर देतात, आणि कापायचा मास्क फोनकडे असतो. म्हणून एकच ॲप एका फोनवर गोल, दुसऱ्यावर चौकोनी. केअर यांच्या वेळी चित्र काढणाराच त्याची कड ठरवायचा. आज चित्र एकाचं, छापा दुसऱ्याचा.

तर मंडळी, मित्राचा फोन आपल्या फोनशेजारी ठेवून बघाच. भेटू पुढच्या भागात!